फाईल वाजत नाही म्हणून फोन आला, तर

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात रेकॉर्डिंग शिकायला येणारी पोरं माइक कुठे लावायचा, पखवाज कसा आवरायचा हे लवकर शिकतात. अडतात ती शेवटच्या पायरीला. भजन झकास झालेलं असतं, पेनड्राइव्ह घेऊन मंडळ घरी गेलेलं असतं आणि रात्री बुवांचा फोन येतो, "तुझा गाणा गाडीत वाजणा नाय रे, मोबाईलवर मात्र वाजता."

बुवांनी अर्धं निदान करूनच दिलंय. मोबाईलवर वाजतंय म्हणजे फाईल बिघडलेली नाही, गाडीतल्या डेकला ती झेपत नाही एवढंच. तेव्हा "परत पाठवतो" म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा: कशावर वाजवताय, आणि फाईलच्या नावाच्या शेवटी काय लिहिलंय?

शेवटी 'एयूपी३' असेल तर ते गाणं नव्हेच, तो ऑडॅसिटीचा, म्हणजे आपण ज्या सॉफ्टवेअरवर आवाज रेकॉर्ड आणि एडिट करतो त्याचा, प्रोजेक्ट आहे. तो ऑडॅसिटीतच उघडायचा. २०२१ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून सगळा आवाज या एकाच फाईलमध्ये साठतो. त्याआधी छोटी 'एयूपी' फाईल आणि शेजारी डेटाचा फोल्डर अशी जोडी असायची. जुन्या कामातला तो फोल्डर मागे राहिला की प्रोजेक्टमध्ये आवाजच नसतो. गिऱ्हाइकाला द्यायची ती एक्स्पोर्ट केलेली, म्हणजे प्रोजेक्टमधून वेव्ह किंवा एमपी३ म्हणून बाहेर काढलेली फाईल. जुन्या व्हिडिओंत एमपी३ बनवणारं 'लेम' वेगळं टाकायला सांगतात, ते सोडून द्या, २.३.२ पासून ते आतच येतं.

'वेव्ह' (नावाच्या शेवटी wav) असूनही वाजत नसेल तर बहुतेक वेळा घोळ बिटचा, म्हणजे आवाज किती बारकाईने साठवलाय त्या मापाचा असतो. ऑडॅसिटी आतून ३२ बिट फ्लोटवर काम करते. मिक्सिंग करताना ते फायद्याचं, पण एक्स्पोर्टमध्येही तेच राहिलं तर गाडीतले डेक आणि स्वस्तातले ब्लूटूथ स्पीकर मुके होतात. १६ बिट पीसीएम, ४४,१०० हर्ट्झ निवडा. सीडीचं माप हेच. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, तर १२८ केबीपीएसच्या एमपी३ला जेमतेम १ एमबी. रात्रभराच्या डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला, हा फरक चांगलाच जाणवतो.

नाव बदलून 'वेव्ह'चं 'एमपी३' करणारे महाभाग दरवर्षी भेटतात. आतला माल तोच राहतो. संगणकावरचं व्हीएलसी प्लेअर नावापेक्षा आतला माल बघून वाजवतं, त्यामुळे संगणकावर सगळं ठीक वाटतं आणि फसगत होते ती गिऱ्हाइकाची. माझं तर स्पष्ट मत आहे, व्हीएलसीत वाजलं ही तपासणीच नव्हे. बाजारातला सगळ्यात स्वस्त यूएसबी स्पीकर टेबलावर ठेवा आणि त्यावर वाजल्याशिवाय पेनड्राइव्ह हातातून सोडू नका.

पेनड्राइव्हचंही एक आहे. तो एनटीएफएस किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असेल तर बरेच डेक "नो फाईल" दाखवतात. फॅट३२ करून द्या. फॉरमॅट करण्याआधी आत बुवांच्या नातवाचे बारशाचे फोटो नाहीत ना, तेवढं बघा! साधे प्लेअर पुष्कळदा नावाच्या क्रमाने नाही, तर कॉपी केल्याच्या क्रमाने गाणी वाजवतात, म्हणून आधी नमन, मग गजर असं एकेक करून टाका. देवनागरी नावांच्या जागी डेकच्या पडद्यावर चौकोन उमटतात, तिथे नुसते आकडे बरे.

गणपतीच्या आधी उलट्या बाजूचं काम येतं. मुंबईचे चाकरमानी आपला कोरस मोबाईलवर गाऊन व्हॉट्सॲपने धाडतात. व्हॉइस नोट असेल तर ती ओपस या दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फॉरमॅटमध्ये येते, फोनच्या रेकॉर्डरची फाईल बहुधा 'एम४ए' असते. विंडोजवर ऑडॅसिटी 'एम४ए' उघडत नसेल तर असल्या फाईली उघडायला मदत करणारं एफएफएमपेग टाकून घ्या. त्यांना आधीच सांगून ठेवा: व्हॉइस नोट नको, रेकॉर्डरची फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे वाटेत ती आणखी दाबली जात नाही. आलेली फाईल आधी वेव्ह करा, सगळं काम वेव्हवर करा आणि एमपी३ अगदी शेवटी, एकदाच काढा. एमपी३वरून पुन्हा एमपी३ काढत गेलात तर पहिली माती होते ती टाळांची. टाळ घासल्यासारखे वाजू लागले की कुठल्याही इक्वलायझरने ते सुधारत नाहीत. मूळ वेव्ह असेल तर त्यावरूनच नवी प्रत काढायची.