व्हेपला जळकट चव: कॉइल, कापूस आणि लिक्विड

व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, जळकट चव आली की दोष बहुतेकदा कॉइलमधल्या (लिक्विड तापवणाऱ्या तारेच्या गुंडाळीतल्या) कोरड्या कापसाचा असतो. नव्या कॉइलच्या कापसावर लिक्विडचे चार-पाच थेंब सोडा, टाकी भरा, दहा मिनिटं थांबा. वॅटेज कॉइलवर छापलेल्या खालच्या आकड्यापासून चढवा. कापूस एकदा करपला की धुऊन उपयोग नाही, कॉइल बदलाच.

लिक्विड म्हणजे व्हीजी (घट्ट ग्लिसरीन) आणि पीजी (पातळ प्रोपिलीन ग्लायकॉल) यांचं मिश्रण. 1 ओमच्या (विद्युतरोधाचं माप) वरच्या कॉइलला 50-50 मिश्रण, 0.5च्या खालच्या कॉइलला 70 टक्के व्हीजी. परभणीच्या गारठ्यात हे व्हीजी काकवीसारखं घट्ट होतं अन् छोट्या पॉडमध्ये (लहान व्हेपच्या टाकीत) कापसापर्यंत पोचतच नाही. तेव्हा पीजी जास्त असलेलं घ्या. तसं भारतात 2019च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्रीच बंद. चोरून आलेल्या, लेबल नसलेल्या बाटलीत काय आहे देव जाणे, ती नकोच. फार गोड लिक्विडही टाळा, त्यातलं सुक्रालोज कॉइलवर काळा थर धरतं.