सोलापूरहून गोल्फचा ड्रायव्हर घेऊन निघण्यापूर्वी: हेडच्या तयारीची यादी

सोलापुरातून गोल्फ खेळायला निघालेला माणूस बहुधा पुण्याच्या रस्त्याला लागतो. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर मित्रांबरोबर अठरा होल खेळायचे असोत किंवा कुठे लाँग ड्राइव्हची, म्हणजे सर्वांत लांब फटका मारण्याची, स्पर्धा असो, अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, आणि ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचा, पाना घरीच राहिल्याचे टेंभुर्णी ओलांडल्यावर आठवले तर मागे फिरण्याला काही अर्थ उरत नाही. शाफ्ट (क्लबची दांडी) बदलून देणारा किंवा हेड (चेंडूवर बसणारा टोकाचा भाग) पुन्हा चिकटवून देणारा कारागीर आपल्याकडे कोपऱ्यावर भेटत नाही, म्हणून ही सगळी तयारी निदान आठवडाभर आधी घरीच पूर्ण करावी.

सर्वांत आधी ठरवावे ते हे, की जे हेड बॅगेत जाणार आहे ते आपल्या वेगाचे आहे की दुसऱ्याच्या. लाँग ड्राइव्हमधील नामवंत खेळाडूंच्या हेडचा वेग ताशी १४० मैलांच्या वर जातो. आपल्यासारख्या हौशी पुरुष खेळाडूचा वेग बहुधा ९० मैलांच्या आसपास असतो. चेंडूचा वेग हेडच्या वेगाच्या फार तर दीडपट होतो, त्यामुळे त्यांचा चेंडू ताशी २१० मैलांहून अधिक वेगाने सुटतो आणि आपला १३५ मैलांच्या आगेमागे. इतक्या वेगाने सुटलेल्या चेंडूवर थोडी जरी जास्त फिरकी पडली तरी तो पतंगासारखा वर चढतो आणि पुढे जाण्याऐवजी उंचीतच शक्ती घालवतो, म्हणून त्या खेळाडूंना अतिशय कमी लॉफ्टचे (चेंडूवर आदळणाऱ्या बाजूचा मागे कललेला कोन म्हणजे लॉफ्ट), कधीकधी पाच-सहा अंशांचे आणि फिरकी कमी ठेवणारे हेड लागते. आपल्या वेगाला नेमके उलटे घडते. कमी लॉफ्टने चेंडू खालून सुटतो, त्याला हवेत धरून ठेवण्याइतकी फिरकी मिळत नाही आणि तो लवकर खाली बसतो. काईल बर्कशायर याने २०१९, २०२१ आणि २०२३ मध्ये जागतिक लाँग ड्राइव्ह विजेतेपद मिळवले. २०२२ मध्ये मार्टिन बोर्गमायर जिंकला आणि ब्रायसन डीशँबो दुसरा आला. या मंडळींच्या फटक्यांचे व्हिडिओ पाहून त्यांच्यासारखेच हेड मागवण्याचा मोह होतो. मलाही झाला होता. सहा अंशांचे एक जुने हेड मी हौसेने घेतले आणि दोन महिने माझ्या नेहमीच्या साडेदहा अंशांच्या ड्रायव्हरपेक्षा पंचवीस-तीस यार्ड मागे राहिलो. दोष माझ्या स्विंगचा आहे असे समजून स्विंगही बिघडवून घेतला, तो वेगळाच.

म्हणून हेड निवडण्याआधी आपला वेग मोजून घ्यावा. पुण्यात मोजणी यंत्रावर चेंडू मारून पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. तशी सोय नसेल तर वारा नसलेल्या दिवशी, सपाट जमिनीवर, नीट बसलेल्या दहा फटक्यांत चेंडू हवेतून किती अंतर गेला ते पाहावे. ते २०० ते २१५ यार्ड भरत असेल तर वेग नव्वदीच्या घरात आहे असे धरायला हरकत नाही. अशा खेळाडूने साडेदहा किंवा बारा अंशांचे हेड घेताना मुळीच संकोच करू नये. लॉफ्ट जास्त म्हणजे खेळाडू कच्चा, हा समज आपल्याकडे का रुजला कोण जाणे, पण त्याने पुष्कळांचे अंतर खाल्ले आहे.

यानंतर हेड नियमात बसते की नाही ते पाहावे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या संस्थांच्या नियमांप्रमाणे हेडचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये. मोजणीत १० घनसेंटिमीटरची सवलत आहे. १९९१ मध्ये आलेली आणि त्या काळी अवाढव्य वाटलेली कॅलवेची बिग बर्था जेमतेम १९० घनसेंटिमीटरची होती, हे लक्षात घेतले म्हणजे आजचे हेड किती फुगले आहे ते कळते. हेडची टाच ते टोक ही लांबी ५ इंचांपर्यंत आणि तळापासून माथ्यापर्यंतची उंची २.८ इंचांपर्यंत चालते. फेस, म्हणजे हेडची चेंडूवर आदळणारी बाजू, किती लवचिक आहे हे लहानशा लंबकाने तपासतात: लंबकाचा गोळा फेसला किती वेळ टेकून राहतो ते मायक्रोसेकंदांत मोजतात, आणि त्याची मर्यादा २३९ अधिक सवलत १८, म्हणजे २५७ आहे. घरी हे मोजता येत नाही. मात्र या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या मान्य ड्रायव्हर हेडच्या यादीत आपले मॉडेल शोधता येते. त्या यादीत प्रत्येक लॉफ्टची नोंद स्वतंत्र असते, म्हणून केवळ मॉडेलचे नाव सापडल्यावर थांबू नये. हेडवर कोरलेला लॉफ्टचा आकडाही पडताळावा. क्लबची एकूण लांबी ४८ इंचांच्या आत असावी लागते आणि २०२२ पासून आयोजकांना स्थानिक नियमाने ती ४६ इंचांवर आणता येते. त्यामुळे ज्या स्पर्धेला जायचे तिचे नियमपत्रक आधी मागवून घ्यावे, आणि शाफ्ट कापायचा असेल तर ते वाचल्यानंतरच कापावा.

हेड वापरलेले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पातळ टायटॅनियमचा फेस हजारो फटके खाऊन आणखी लवचिक होत जातो, आणि नवे असताना नियमात बसणारे हेड कालांतराने मर्यादेबाहेर जाऊ शकते. २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपपूर्वी झालेल्या तपासणीत रोरी मॅकिलरॉय आणि स्कॉटी शेफलर या दोन्ही नामवंत गोल्फपटूंचे ड्रायव्हर याच कारणाने बाद ठरले होते. हौशी खेळाडूच्या हेडची अशी तपासणी सहसा कोणी करत नाही. आपल्याला याचा उपयोग एवढाच की असा फेस तडा जाण्याच्या वाटेवर असतो, आणि जुन्या हेडने अचानक अंतर वाढवून दिले तर आनंद मानण्याआधी ते नीट निरखावे.

निरखण्याची माझी पद्धत अशी आहे. हेड कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा उजेड फेसवर तिरका पाडून खाचांच्या कडांना समांतर जाणारी केसासारखी रेघ दिसते का ते पाहावे. फेस आणि माथा यांचा सांधा, कार्बनचा माथा असेल तर त्याच्या चिकटवणीची कडा आणि शाफ्ट जिथे आत शिरतो त्या नळीचा गळा, या तीन जागा नखाने चाचपाव्यात. स्टीलची पट्टी फेसवर उभी आणि आडवी टेकवून मध्ये खड्डा पडला आहे का ते बघावे. चांगला फेस दोन्ही दिशांना किंचित फुगीर असतो आणि पट्टी मध्यभागी टेकून दोन्ही टोकांना सुटते. शेवटी कानाजवळ हलवून ऐकावे. आत बारीक खुळखुळ असेल तर वाळलेल्या गोंदाचा तुकडा सुटला असण्याचा संभव असतो, त्याने धोका नाही. पण फटक्याचा आवाज एकदम बदलून फुटक्या मडक्यासारखा येऊ लागला असेल तर ते हेड पुन्हा वापरू नये. लाँग ड्राइव्हच्या वेगाने सुटलेला धातूचा तुकडा शेजारच्या माणसाला कुठे लागेल याचा भरवसा नसतो.

ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या हेडबाबत थोडे संशयी असलेले बरे, कारण नामवंत ब्रँडच्या नकला सर्रास विकल्या जातात. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. फेसवर आणि तळाच्या मध्यभागी चुंबक घट्ट बसला तर ते हेड पोलादाचे आहे. स्क्रूला किंवा वजनाच्या तुकड्याला तो चिकटला तर घाबरण्याचे कारण नाही. ओळखीच्या सराफाकडे हेड वजन करून घ्यावे. नेहमीच्या लांबीच्या ड्रायव्हरचे हेड साधारण १९५ ते २०५ ग्रॅम भरते, आणि सराफाच्या काट्यावर ग्रॅमच्या अंशापर्यंत ते कळते. आमच्या सराफाने पहिल्या वेळी हे कोणत्या देवाचे आहे असे विचारले होते.

वजनाचा हा आकडा लिहून ठेवावा, कारण लांबी बदलायची असेल तर तो लागतोच. शाफ्ट अर्धा इंच वाढवला की स्विंगवेट (क्लब फिरवताना हेड किती जड जाणवते त्याचे माप) सुमारे तीन अंकांनी वाढते आणि हेडमधले दोन ग्रॅम म्हणजे साधारण एक अंक, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे हातात पूर्वीसारखेच जाणवायला हवे असेल तर अर्ध्या इंचाला हेड सहा ग्रॅमने हलके करावे लागते. ज्या हेडचे वजनाचे स्क्रू बदलता येत नाहीत त्यावर लांब शाफ्ट चढवण्याचा खटाटोप करू नये. लांबीने वेग थोडा वाढतो, पण फटका फेसच्या मध्यावर बसण्याचे प्रमाण घटते. लाँग ड्राइव्हमध्ये सहा चेंडूंतला एक जरी आखलेल्या पट्ट्यात पडला तरी पुरते, त्यामुळे तिथे हा सौदा परवडतो; अठरा होल खेळणाऱ्याला तो परवडत नाही.

फटका फेसवर कुठे बसतो हे कळल्याशिवाय वरची निवड पक्की होत नाही. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठसठशीत ठिपका काढून तो फेसच्या बाजूला ठेवला की प्रत्येक फटक्याची खूण फेसवर उमटते. वीस फटक्यांच्या खुणा मोबाइलवर टिपून घ्याव्यात. खुणा टोक आणि टाच यांच्याकडे पसरलेल्या असतील तर मागे वजन असलेले, न वळणारे हेड आपले. अशा हेडचा वळण्याला होणारा विरोध नियमाने ५९०० ग्रॅम-सेंटिमीटर वर्गापर्यंत ठेवता येतो. खुणा एकाच जागी असतील आणि वेगही असेल तरच वजन फेसजवळ असलेल्या, कमी फिरकीच्या हेडचा विचार करावा. हा सराव जाळी लावूनच करावा. पार्क मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर ड्रायव्हर काढू नये.

निघण्याच्या आदल्या दिवशी स्लीव्हचा (शाफ्ट हेडला जोडणाऱ्या तुकड्याचा) स्क्रू त्या कंपनीच्याच पान्याने टिक असा आवाज येईपर्यंत आवळावा. हाताच्या अंदाजाने जादा पिळू नये. लॉफ्टची आणि वजनाची जुळणी आताच कायम करावी, कारण फेरी सुरू झाल्यावर खेळासाठी ती बदलणे नियमाविरुद्ध आहे. पर्यायी हेड जोडून दुसरा ड्रायव्हर न्यायचा असेल तर तोही बॅगेत चालणाऱ्या चौदा क्लबमध्ये मोजला जातो. नवा शाफ्ट चिकटवला असेल तर इपॉक्सीला पूर्ण दिवस द्यावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी एक सूचना वेगळी सांगावी लागते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असताना बंद गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, आणि हेड सोडवण्यासाठी कारागीर जी उष्णता देतात तीच इथे इपॉक्सीला हळूहळू फुकट मिळत राहते. म्हणून बॅग रात्रभर डिकीत ठेवू नये आणि प्रवासात ती सीटवर घ्यावी. हेड सुटे होत असेल तर शाफ्टपासून काढून चाटी गल्लीतून आणलेल्या जाडसर टॉवेलात गुंडाळावे. रेल्वेने जाताना वरच्या फळीवरून बॅग पडली तरी नळीचा गळा वाचतो, आणि तोच टॉवेल ओला करून पुढे मैदानावर फेस पुसायला कामी येतो. पाना, सुटे स्क्रू आणि मार्कर एका लहान डबीत घालून ती बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावी. मैदानावर पोहोचल्यावर हेड पुन्हा बसवून पहिले तीन चेंडू अर्ध्या जोराने मारावेत, आणि त्यानंतर स्क्रू एकदा पुन्हा तपासावा.