विसरण्याला वय म्हणण्याआधी नाडी धरा

घरातले आजोबा गोंधळले की नागपुरात आपण मे महिन्यात उन्हाला दोष देतो आणि एरवी वयाला. मनगटाला मात्र कुणी हात लावत नाही.

सकाळी, चहाच्या आधी, त्यांना पाच मिनिटं शांत बसवा. अंबाझरीची फेरी मारून आल्या आल्या नको. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तुमची पहिली दोन बोटं ठेवा. अंगठा नको, त्यात आपलेच ठोके लागतात. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण आकड्यापेक्षा ठेका महत्त्वाचा.

मधूनच एखादा ठोका चुकणं पुष्कळांना होतं. पण ठेकाच सापडत नसेल, दोन घाईचे, एक लांबलेला, एक बोटाला जेमतेम लागणारा, तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका घ्या. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. खालचे कधी पुरते भरतात, कधी अर्धवट, म्हणून मेंदूकडे जाणारं रक्तही दर ठोक्याला कमीजास्त होतं. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं सुमारे १५ टक्के घेतो! शिवाय थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. मोठी गुठळी मेंदूत गेली की लकवा. बारीक गुठळ्या गुपचूप डाग पाडतात. माणूस चालतो-बोलतो, पण किराण्याचा हिशेब चुकतो. लकवा न झालेल्या अशा रुग्णांतही स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळतं.

तर पुढे काय? ईसीजी. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा डॉक्टर, कुठेही. हा बिघडलेला ठेका येतो-जातो, त्यामुळे एक ईसीजी नीट आला तरी २४ तासांच्या हॉल्टरबद्दल, म्हणजे अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्राबद्दल, विचारा. घरचं बीपी मशीन अशा नाडीला गोंधळतं. तीनदा मोजून सरासरी लिहा.

रक्त पातळ करणारी गोळी मिळाली तर आपल्या मनाने बंद करू नका, आणि ॲस्पिरिन तिची जागा घेत नाही. ती गोळी वॉरफेरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. हिरव्या पाल्यातलं व्हिटॅमिन के या गोळीचा असर कमी करतं, तरी पालक-मेथी सोडायची नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं. हिवाळ्यात एकदम ताटभर सांबारवड्या (कोथिंबिरीच्या) हाणल्या तर मात्र गडबड होऊ शकते.

छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडले तर लगेच दवाखाना. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.