ट्रान्सफर कुठे अडला? कम्युनिटी कॉलेजातल्या कर्मचाऱ्यांनी फेरविचाराची बैठक कशी घ्यावी

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकायचं आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं, हा ‘ट्रान्सफर’चा रस्ता कागदावर सरळ दिसतो. प्रत्यक्षात तिथे सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच चार वर्षांच्या संस्थेत पोहोचतात, आणि पोहोचलेल्यांपैकी जेमतेम निम्म्यांना सुरुवातीपासून सहा वर्षांत पदवी मिळते. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्यासारखंच हे आहे, असं पुष्कळ मराठी पालक समजतात. पण डिप्लोमा अख्खा धरला जातो, इथे एकेक विषय सुटा तपासला जातो. कुठल्याही प्रकारची संस्था बदलणाऱ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया जातात, असा अमेरिकी काँग्रेसच्या लेखातपासणी कार्यालयाचा २०१७ मधला अंदाज होता.

सल्ला देणाऱ्याला सल्ल्याचा परिणाम कधी कळतच नाही, हे ही गळती चालू राहण्याचं मोठं कारण आहे. विद्यार्थी निघून जातो. चुकलेला विषय वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या गावातल्या विद्यापीठात उघडा पडतो आणि तोवर समुपदेशकाने तोच सल्ला आणखी शंभर जणांना दिलेला असतो. खाली दिलेली बैठक हा परिणाम मागे आणून टेबलावर ठेवण्यासाठी आहे. आढावा बैठकीत आकडे वाचले जातात. इथे एका विद्यार्थ्याचा एक निर्णय घेऊन त्या दिवशी आपण काय केलं, ते पाहायचं असतं. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून उदाहरणं ११६ कम्युनिटी कॉलेजं असलेल्या कॅलिफोर्नियाची घेतली आहेत.

कधी आणि कोणी

फेब्रुवारीचा मधला आठवडा चांगला. सप्टेंबरातले हमी-प्रवेशाचे अर्ज, ऑक्टोबर-नोव्हेंबरातले मुख्य अर्ज आणि जानेवारीतली गुणांची अद्ययावत माहिती हे सगळं उरकलेलं असतं आणि आठवणी ताज्या असतात. माणसं सहा ते आठ: दोन समुपदेशक, आर्टिक्युलेशन ऑफिसर (विद्यापीठांशी विषयांच्या जुळणीचे करार सांभाळणारा), नोंदणी कार्यालय आणि आर्थिक साहाय्य कार्यालयातून प्रत्येकी एक, गणित किंवा विज्ञानाचे एक प्राध्यापक आणि खिडकीवर बसणारी व्यक्ती. ही शेवटची व्यक्ती हमखास वगळली जाते. खरं तर विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न तिच्याच कानावर पडतो आणि बरेचदा उत्तरही तीच देते.

कर्मचाऱ्यांचं वार्षिक मूल्यमापन करणाऱ्या डीननी बैठक चालवू नये. त्यांनी शेवटची पंधरा मिनिटं यावं, कारण ठरलेला बदल मंजूर करायला त्यांची सही लागते. आधीपासून बसले, तर प्रत्येक जण स्वतःची बाजू सावरत बोलेल.

फाइली निवडणं आणि पट काढणं

पाच फाइली पुरतात: विनाअडथळा गेलेले दोन, गेले पण जादा सत्रं शिकावी लागली असे दोन, आणि ट्रान्सफरसाठी लागणारी ६० युनिट्स (म्हणजे क्रेडिट्सच) पूर्ण करूनही अर्जच न केलेला एक. निवड नोंदणी कार्यालयाने करावी. समुपदेशकांनी निवडल्या, तर नकळत सांगायला सोप्या फाइली पुढे येतात. नाव, ओळख क्रमांक, जन्मतारीख झाका. विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा संघीय कायदा इथे लागू होतो, आणि छोट्या कॉलेजात दुर्मीळ विषयांच्या जोडीवरूनही विद्यार्थी ओळखू येतो हे लक्षात ठेवा.

प्रत्येक फाइलीचा एक पट काढा. लांब कागदावर दर सत्राला एक रकाना आणि त्यात तीन ओळी. पहिल्या ओळीत विद्यार्थ्याने काय केलं: विषय, ग्रेड, युनिट्स, सोडलेले वर्ग. दुसरीत कॉलेजने काय केलं: भेटी, मेल, नोंदणीवर लावलेली अडवणूक, शैक्षणिक आराखड्यातले, म्हणजे कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा याच्या योजनेतले, बदल. तिसऱ्या ओळीत त्या सत्रात नियम काय होता.

या तिसऱ्या ओळीचा कंटाळा करू नका. २०२५ च्या फॉल सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॅल-जेट्सी’ हा सामान्य शिक्षणाचा, म्हणजे शाखा कोणतीही असली तरी लागणाऱ्या विषयांचा, एकच आराखडा आला: ११ विषय, ३४ युनिट्स. आधी ‘आयजेट्सी’ आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचा (राज्याच्या दोन सरकारी विद्यापीठ-व्यवस्थांपैकी एक; दुसरी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) स्वतंत्र आराखडा असे दोन होते, आणि तोंडी संवादाचा विषय स्टेट युनिव्हर्सिटीकडे जाणाऱ्यांनाच लागत असे. जुन्या विद्यार्थ्यांचा जुन्या आराखड्यावरचा हक्क शिक्षणात खंड न पडण्यावर अवलंबून असतो. तिसरी ओळ नसेल, तर २०२३ मध्ये दिलेला योग्य सल्ला आजच्या नियमाने चुकीचा ठरवला जातो आणि बैठक तिथेच बिघडते. विषयांची जुळणी दाखवणाऱ्या ‘असिस्ट’ या संकेतस्थळावरचे करारही त्या-त्या शैक्षणिक वर्षाचेच छापून घ्या.

नव्वद मिनिटं

येण्याआधी प्रत्येकाने एकट्याने पंधरा मिनिटं लिहून आणावं: आपण दिलेला एक सल्ला, तेव्हा काय माहीत होतं, काय गृहीत धरलं, काय विचारायचं राहिलं. लेखी यासाठी, की नाहीतर सर्वांत जुनी व्यक्ती आधी बोलते आणि बाकीचे माना डोलावतात.

पहिली दहा मिनिटं पट नुसता वाचायचा, बोलायचं नाही. मग अडलेल्या दोन फाइलींना प्रत्येकी पंचवीस मिनिटं. उरलेल्या तिघांना पाच-पाच मिनिटं, तीच गाठ तिथेही दिसते का आणि विनाअडथळा गेलेल्यांना वाट कशी कळली, हे बघायला. शेवटची पंधरा मिनिटं निर्णयाची.

नेहमी सापडणारी एक गाठ घेऊ. विद्यार्थ्याने सेमिस्टर पद्धतीच्या (वर्षाची दोन मुख्य सत्रं) कॉलेजात कॅल्क्युलसचा पहिला भाग केला. दुसऱ्या भागाचा वर्ग भरला, म्हणून शेजारच्या क्वार्टर पद्धतीच्या (वर्षाची तीन मुख्य सत्रं) कॉलेजात त्याच नावाचा ऑनलाइन वर्ग घेतला. सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात डी अँझा आणि फूटहिल ही क्वार्टरची कॉलेजं आहेत, त्यामुळे तिथे हे सहज घडतं. दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट, म्हणून पाचाचे सव्वातीनच्या आसपास होतात. पण युनिट्सपेक्षा मोठी अडचण अभ्यासक्रमाची असते. क्वार्टरमध्ये तोच मजकूर जास्त तुकड्यांत वाटलेला असतो, त्यामुळे ‘भाग दोन’ आणि ‘भाग दोन’ यांच्यात मधला मजकूर सुटतो. विद्यापीठ अख्खी मालिका मागतं आणि ती कुठल्याच एका कॉलेजची भरत नाही.

बैठकीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘त्याने विचारायला हवं होतं.’ बैठक चालवणाऱ्याने इथे थांबवून विचारावं: त्या दिवशी त्याच्यासमोर काय होतं? वर्ग भरलेला, शेजारची नोंदणी उघडी, विषयाचं नाव तेच, आणि समुपदेशकाची भेट तीन आठवड्यांनंतरची. मग आपल्या बाजूचा प्रश्न: त्याच्या आराखड्यात आपण काय लिहिलं होतं? नुसतं ‘गणित, भाग दोन’. ‘ही मालिका सुरू केली त्याच कॉलेजात पूर्ण करावी’ ही ओळ नव्हती. ती आता प्रत्येक आराखड्यात घालता येते. ‘विद्यार्थ्याने असं करायला हवं होतं’ हे प्रत्येक वाक्य ‘आम्ही’ने सुरू करून पुन्हा म्हणायला लावा. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, पण कामाची गोष्ट तिथूनच निघते.

दुसरा एक छोटा प्रयोग बैठकीत जरूर करा. ट्रान्सफरच्या असोसिएट पदवीत (कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी) मिळणारी ‘हमी’ तुम्ही विद्यार्थ्याला कोणत्या शब्दांत सांगता, ते प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. २०१० च्या कायद्याने दिलेली हमी स्टेट युनिव्हर्सिटीच्या व्यवस्थेत जागा मिळण्याची आहे, हव्या त्या कॅम्पसची किंवा शाखेची नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची हमी वेगळी: ती डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहांपैकी एकाच ठिकाणी मागता येते, अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच, आणि शाखांची बंधनं असतात. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो यात नाहीत. चिठ्ठ्या वाचल्या की एकाच कार्यालयातून वेगवेगळी हमी सांगितली जाते, हे सगळ्यांना एकदम दिसतं.

एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) आलेल्या मुलांच्या पटावर, मराठी कुटुंबांतली अनेक मुलं यात असतात, एकविसावा वाढदिवस कोणत्या सत्रात पडतो याची खूण करा. त्या दिवशी आई-वडिलांवर अवलंबून असलेला दर्जा संपतो. व्हिसाचा सल्ला समुपदेशकाने देऊ नये, पण आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे किमान वर्षभर आधी पाठवणं त्याच्या हातात आहे.

निर्णय कुठे फसतो

‘संवाद वाढवू’ हा निर्णय नाही. कोणतं वाक्य, कोणत्या फॉर्मवर, कोण बदलणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहिलं गेलं तरच तो निर्णय. एका बैठकीतून दोनच घ्या. सात घेतले, तर सत्र सुरू होताच सातही मागे पडतात. टिपणं कोणाच्याही सेवा-नोंदीत जाणार नाहीत हे आधीच लेखी सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कोरे कागद येतील.

विनाअडथळा गेलेल्यांच्या फाइली घाईत उरकू नका. तिथे विचारा: याला हे कुठून कळलं? उत्तर ‘मोठ्या बहिणीने सांगितलं’ असं निघालं, तर ते यश कॉलेजच्या खात्यावर मांडता येत नाही. ज्याला बहीण नाही त्याला ती माहिती कोण देणार, हा तुमचा पुढचा विषय. हे फाइलीत सापडत नाही. त्यासाठी बैठकीआधी एका-दोघा माजी विद्यार्थ्यांशी वीस मिनिटं फोनवर बोला आणि त्यांच्या वेळेचं मानधन द्या.

ऑगस्टच्या शेवटी, हमीचे अर्ज उघडण्याआधी, नुकतेच केलेले दहा आराखडे काढून ठरलेली ओळ त्यांत आहे का ते बघा. आठांपेक्षा कमी ठिकाणी सापडली, तर कोणालाही आठवण करून देत बसू नका. फॉर्मवर त्या ओळीसाठी जागाच नसेल, ती छापून घ्या.