वॉर्डातला कट्टा: जुनाट आजार असलेल्या किशोरांची एकमेकांशी गाठ कशी घालून द्यावी

डायबेटिस, थॅलेसेमिया, किडनीचे विकार, सिकलसेल (रक्तपेशींचा जन्मजात आजार), कॅन्सर, अपस्मार (फिट्स). असा आजार घेऊन वाढणाऱ्या १३ ते १९ वयाच्या मुलामुलींना हॉस्पिटलात बरोबरीचं कुणी भेटत नाही. मुलांच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर तीन वर्षांचं बाळ असतं, मोठ्यांच्या वॉर्डात साठीचे आजोबा. चार खाटा पलीकडे पडद्याआड त्याच वयाचं कुणीतरी मोबाईल बघत पडलेलं असतं, पण दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. ही गाठ घालून देणं वॉर्डातल्या सिस्टर, सोशल वर्कर, समुपदेशक किंवा स्वयंसेवक यांच्या हातात असतं, आणि त्याला फार साधनं लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र पक्की धरून चला. मुलांना 'आजारपणाबद्दल मोकळेपणाने बोला' म्हणून गोल करून बसवलं की ती गप्प होतात. हाताला काहीतरी काम द्या, वेळ ठरलेली ठेवा आणि मोठ्यांनी थोडं मागे सरका. बोलणं आपसूक निघतं, आणि ते बरंचसं आजाराबद्दलच असतं.

नवीन बैठक भरवण्याआधी वेळापत्रक चाळा

सगळ्यात सोपी भेट ही आधीच ठरलेल्या तारखांमध्ये दडलेली असते. हिमोडायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास चालतं. युनिटमध्ये दोन किशोर वेगवेगळ्या पाळीत येत असतील, तर त्यांना एका पाळीत आणता येईल का ते विचारा आणि खुर्च्या शेजारी लावा. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. दोघांच्या तारखा एक-दोन दिवसांनी मागेपुढे असतील आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्या जुळवून घ्या. डायबेटिसच्या ओपीडीत महिन्यातला एक दिवस फक्त किशोरांचा ठेवता येतो.

एका तारखेच्या बदलाने जे होतं ते कित्येक कार्यक्रमांनी होत नाही, कारण तीच दोन मुलं पुन्हा पुन्हा भेटत राहतात. ओळखीची मैत्री व्हायला ही पुनरावृत्ती लागते. पाहुणे बोलावून एकदाच केलेल्या मोठ्या समारंभातून मैत्री क्वचितच उभी राहते.

कोण कुणाजवळ बसू शकतं

हा भाग घाईने उरकू नका. दर वेळी बोलावण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरसोबत यादी तपासा. इथे चूक झाली तर मुलाचं आजारपण वाढतं आणि पुढे सगळ्याच भेटी बंद पडतात.

सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत चिकट कफ साठण्याचा जन्मजात आजार) असलेल्या दोघांना एका खोलीत आणू नका. त्यांच्या फुप्फुसांतले स्यूडोमोनास, बर्कहोल्डेरियासारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि मग हटता हटत नाहीत. किमान दोन मीटर अंतराचा नियम आहेच, पण बंद खोलीतल्या बैठकीला असं एकच मूल असावं. बाकीच्यांनी व्हिडिओवरून यावं. ज्यांना एकमेकांचा आजार सगळ्यात नीट कळतो त्यांनाच समोरासमोर भेटता येत नाही, हे फार दुखवणारं आहे. म्हणून नुसतं 'परवानगी नाही' म्हणू नका, कारण समजावून सांगा.

केमोनंतर न्यूट्रोफिल्स (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली गेले की संसर्गाचा धोका खूप वाढतो. कुठल्या आकड्याला बाहेर यायचं नाही हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. त्या दिवसाचा रिपोर्ट बघा, आठवड्यापूर्वीचा नको. अशी मुलं येणार असतील तर खोलीत ताजी फुलं किंवा मातीची कुंडी ठेवू नका, त्यात बुरशी असते. कांजिण्यांबद्दल आवर्जून विचारा. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीच लागण सुरू होते. ज्याला आधी कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, असं मूल रुग्णाच्या संपर्कात आलं असेल, तर संपर्कानंतरच्या ८ व्या ते २१ व्या दिवसापर्यंत त्याला गटात आणू नका. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं असेल तर हा काळ २८ दिवसांपर्यंत जातो.

हात धुणं सगळ्यांना लागू, आपल्यालाही. अल्कोहोलचा रब २० ते ३० सेकंद चोळायचा, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. जुलाब करणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे बीजाणू रबने मरत नाहीत, तिथे साबण-पाणीच हवं. असा जुलाबाचा त्रास चालू असलेल्या मुलाने तसंही खोलीतच राहायचं. खेळ पुसता येण्यासारखे घ्या: प्लास्टिकचे पत्ते, गुळगुळीत सोंगट्या. जंतुनाशकाच्या बाटलीवर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी मिनिटं वस्तू ओली राहायला हवी. लगेच कोरडी पुसली तर जंतू तसेच राहतात, आणि नेमकी हीच चूक सर्रास होते. कापडी खेळणी नकोत. रबरी फुगेही नकोत, कारण स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) असलेल्या अनेकांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असते.

खाण्याचं ठेवूच नका. एकाला पोटॅशियम चालत नाही, एकाला पाणी मोजून प्यायचं असतं, एकीच्या तोंडात केमोने फोड आलेले असतात. मग खाऊच्या ताटाभोवती प्रत्येकाला आपलं वेगळेपण नव्याने दिसतं. अपवाद एकच: डायबेटिसचं मूल असेल तर ग्लुकोज हाताशी हवं. रक्तातली साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेली की १५ ग्रॅम द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. सिस्टरला लगेच कळवायचं.

खोली आणि वेळ

चार ते आठ मुलं पुरतात. दोनच आली तरी भेट रद्द करू नका. एकदा रद्द झाली की पुढच्या वेळी कुणी भरवसा ठेवत नाही. शक्य असेल तिथे १३ ते १५ आणि १६ ते १९ असे दोन गट करा.

वेळ ४५ मिनिटांची. ताकद तेवढीच असते, आणि अजून बसावंसं वाटत असताना उठलेलं मूल पुन्हा येतं. सकाळी राउंड, ड्रेसिंग, तपासण्या चालू असतात, त्यामुळे संध्याकाळ बरी. त्या वेळेत फिजिओ किंवा सुई ठेवू नये असं वॉर्डात आधी बोलून ठेवा. खोलीत सलाइनचा स्टँड फिरवायला जागा हवी आणि व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर. पंपाची बॅटरी मध्येच संपते, म्हणून प्लग कुठे आहेत ते बघूनच खुर्च्या मांडा. एसी मंद ठेवा, सिकलसेलमध्ये थंडीने वेदना उसळू शकतात. उग्र वासाचे मार्कर, स्प्रे, अत्तर टाळा. दम्याला ते बाधतात आणि केमो चालू असलेल्याला मळमळतं.

मोठी माणसं दोन. एक जण सोबत खेळणारा, दुसरा दाराजवळ. कुणी रडत उठून गेलं तर मागे जायला कुणीतरी हवं. आईबाबांनी बाहेर थांबायचं. हे सांगताना त्यांना अवघडल्यासारखं होतं, काहींना अपमानही वाटतो. महिनोन् महिने उशाशी बसलेल्या माणसाला 'बाहेर जा' म्हणणं सोपं नाही. 'तुम्हीही तासभर चहा घेऊन या, आम्ही इथेच आहोत, काही वाटलं तर फोन करू' असं म्हणा, आणि नंबर खरंच घेऊन ठेवा.

पहिली भेट

खाटेपाशी जाऊन स्वतः बोलवा, भिंतीवरच्या पोस्टरने कुणी येत नाही. 'आज पाचला पत्ते खेळतोय, दहा मिनिटं बघ, नको वाटलं तर परत सोडतो' एवढं पुरे. नाही म्हणाल्यास 'बरं' म्हणा आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारा. पहिल्या दोन नकारांचा अर्थ बहुतेकदा 'अजून नको' असाच असतो.

ओळख करून देताना आजाराचं नाव विचारू नका. यादीवर, दारावर, नावाच्या चिठ्ठीवर निदान लिहू नका. एचआयव्हीसह वाढणाऱ्या काही मुलांना स्वतःचं निदान घरच्यांनी अजून सांगितलेलंही नसतं.

सलाइन कुठल्या हाताला आहे ते आधी बघा. लिहिता हात अडकलेला असेल तर चित्रकलेचा बेत फसतो. एका हाताने जमेल असं काहीतरी हवं. सुई, उपचार किंवा औषधाने ज्यांचे हात थरथरतात त्यांना बारीक मणी ओवणं नको. अपस्मार असलेल्यासाठी लखलखणारे व्हिडिओ गेम नकोत.

सगळ्यात चांगलं चालतं ते एक काम: नव्याने ॲडमिट होणाऱ्या किशोरासाठी मुलांनीच एक पुस्तिका करायची. खाटेजवळचा कुठला प्लग चालतो, रात्री पंपाची शिट्टी वाजली तर काय करायचं, बधिर करणारं क्रीम सुईच्या तासभर आधी लावून मागायचं, एमआरआयच्या आवाजाची तयारी कशी करायची. इथे प्रत्येक जण जाणकार असतो. आणि लिहिता लिहिता 'तुला पण असं होतं?' हा प्रश्न येतोच. मजकूर सिस्टरला दाखवून घ्या, म्हणजे औषधाबद्दल चुकीचं काही जाणार नाही.

गुप्ततेचा नियम पहिल्याच दिवशी साध्या शब्दांत सांगा: 'इथलं इथेच राहील. पण कुणी स्वतःला इजा करायचं बोललं, कुणी त्रास देतंय असं कळलं किंवा जिवाला धोका वाटला, तर आम्हाला सांगावं लागेल. सांगण्याआधी तुझ्याशी बोलू.' फोटो नाहीत. स्टेरॉइडने चेहरा सुजलेल्या मुलीला आपला फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये नको असतो, आणि ते बोलायचं धाडस तिला होईलच असं नाही.

अडतं कुठे

कधी 'माझं ऑपरेशन तुझ्यापेक्षा मोठं' अशी चढाओढ लागते. टोकू नका, खेळ पुढे चालू ठेवा. कधी कुणी हळूच सांगतं की गोळ्या बंद केल्यात. इथे मोठ्याने उपदेश केला की गट कायमचा तुटतो. 'घेताना काय अडतं?' एवढंच विचारा. बहुतेकदा वजन, चेहरा, शाळेच्या वेळा किंवा नुसता कंटाळा असं काहीतरी कारण निघतं. पण तिथेच थांबून चालणार नाही. स्टेरॉइड अचानक थांबवणं किंवा प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या चुकवणं जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी मुलाशी एकट्याने बोला आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

खोलीबाहेर येऊ न शकणाऱ्यासाठी टॅबलेट स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीवर लावा. हेडफोन द्या, शेजारच्या खाटेवरचे लोक कॅमेऱ्यात येत नाहीत ना ते बघा. बुद्धिबळ किंवा शब्दांचे खेळ, म्हणजे आळीपाळीने खेळायचे, हे नेट अडखळलं तरी चालतात. गप्पा मात्र तुटतात. कॅमेरा बंद ठेवून आलेलंही चालेल. सिस्टर आत आल्या की स्क्रीन लगेच फिरवा.

गटातलं कुणी गेलं तर ते लपवू नका. मुलांना कॉरिडॉरमधल्या कुजबुजीतून कळतंच, आणि मग आपल्यावरचा विश्वास उडतो. घरच्यांची परवानगी घेऊन, पुढच्या भेटीआधी, प्रत्येकाला वेगळं भेटून 'वारली', 'वारला' असं स्पष्ट शब्दांत सांगा. तोच आजार असलेल्या मुलाजवळ जास्त वेळ बसा. तो विचारील, 'माझंही असंच होणार का?' खोटा धीर देऊ नका. 'हा प्रश्न तुझ्या डॉक्टरांना विचारायला मी तुझ्यासोबत येतो' म्हणा, आणि खरंच जा. त्या आठवड्याची भेट रद्द करू नका. खेळायचं की नुसतं बसायचं ते मुलांना ठरवू द्या.

घरी गेल्यावर

फोन नंबरांची देवाणघेवाण मुलांनी स्वतः करावी, लहान वयात पालकांना सांगून. आपण यादी वाटायची नाही. त्यांचा ग्रुप झाला तर दोन गोष्टी आधी बोलून ठेवा: औषधाचा डोस एकमेकांना सांगायचा नाही, आणि रात्री कुणी जीव देण्याचं लिहिलं तर ते एकट्याने सांभाळायचं नाही, लगेच घरातल्या मोठ्यांना उठवायचं.

पुढच्या खेपेला ॲडमिट होताना ओळखीचं कुणी वॉर्डात आहे का, हे मूल विचारील. दोघांचीही परवानगी आधीच घेऊन ठेवलेली असेल तरच उत्तर द्या. ही परवानगी डिस्चार्जच्या वेळी कागदावर घ्या, आणि दर वेळी नव्याने विचारा. मुलांचं मत बदलतं. अठराच्या आसपास मोठ्यांच्या विभागात जाणाऱ्यांना मदतनीस म्हणून परत बोलावता येतं, पण त्यांची तब्येत काही महिने स्थिर असावी, आणि काय सांगायचं नाही याचं थोडं प्रशिक्षण झालेलं असावं. मोठ्यांच्या विभागात पहिल्यांदा जाताना त्यांच्यासोबत आधीच तिथे रुळलेला एक जण द्या. फाइल कुठे मिळते, रक्त कुठे द्यायचं, डॉक्टरांना आईऐवजी आपण स्वतः काय सांगायचं, हे तो पहिल्या खेपेत दाखवू शकतो.