पाच चादरी गेल्या कुठे?

सोलापूरच्या नवी पेठेतलं दुकान, अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं गोडाऊन. दोन्हीकडे काउचडीबी या डेटाबेसची एकेक प्रत, नेट असलं की दोन्ही प्रती आपसात जुळतात. गोडाऊनचं नेट गेलं, विक्री दोन्हीकडे चालूच. ४० चादरींतून दुकानानं ३ विकल्या, गोडाऊननं ५. नेट आल्यावर शिल्लक ३७! मालक म्हणाले, "पाच चादरी उंदरांनी नेल्या का हो?"

एकाच नोंदीच्या अशा दोन आवृत्त्या झाल्या की काउचडीबी घड्याळ बघतच नाही. ज्या आवृत्तीत बदल जास्त ती जिंकते. बरोबरी झाली तर जिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला खुणेचा आकडा, मोठा ती. (चिठ्ठी टाकल्यासारखंच, पण सगळीकडे एकच चिठ्ठी निघते.) हरलेली आवृत्ती मात्र पुसली जात नाही. कॉन्फ्लिक्ट्स, म्हणजे हरलेल्या आवृत्त्या, मागवल्यावर गोडाऊनचा ३५ सापडला.

मग शिल्लक साठवणंच बंद केलं. प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद, वजा ३, वजा ५. सुरुवातीच्या ४० सकट सगळ्या नोंदींची बेरीज व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमधलं हिशेबाचं कोष्टक, करतो. ३२ आले, मालकांनी तरी घड्या मोजूनच घेतल्या.