अर्क जिवाणूंवर घालण्याआधी

वनस्पतीचा अर्क जिवाणूंना रोखतो का हे तपासायचं असेल, तर पहिलं काम वनस्पतीची ओळख पक्की करण्याचं. बोलीतल्या नावावर विसंबू नका, एकाच नावाखाली दोन-तीन वेगळ्या जाती सर्रास खपतात. जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्या आणि दाबून वाळवलेला नमुना क्रमांकासह हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा. पान, साल की मूळ, कोणत्या महिन्यात काढलं, हेही वहीत हवं. वाळवणं सावलीतच. अर्क कशात काढायचा ते पारंपरिक वापर पाहून ठरवा. लोक काढा पीत असतील तर पाण्यातला अर्क हवाच, नुसत्या मेथॅनॉलवर भागवणं मला पटत नाही. तीनदा चाचणी करायला पुरेल इतका अर्क एकाच घाण्यात काढा, द्रावक (ज्यात अर्क काढला ते पाणी किंवा मेथॅनॉल) पूर्ण उडवा आणि छोट्या कुप्यांत भरून उणे २० अंशांवर ठेवा.

जिवाणू नोंद असलेल्या संग्रहातले घ्या, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस ऑरियस एटीसीसी २९२१३ (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणू-संग्रह, पुढे त्यातला क्रमांक). ०.५ मॅकफारलंडइतकं (मॅकफारलंड हे गढूळपणाचं माप) गढूळ द्रावण करून ते पातळ करा. प्लेटच्या प्रत्येक खाचेत दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जिवाणू यायला हवेत. म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम), ९६ खाचांची प्लेट आणि तुलनेसाठी ओळखीचं प्रतिजैविक हाताशी असू द्या.

खरी गफलत होते ती कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या खाचांत. अर्क विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरणार असाल तर खाचेत तो १ टक्क्याच्या वर नको, आणि नुसत्या डीएमएसओची रांग वेगळी लावा. दारुहळदीसारखा पिवळाजर्द अर्क असला की गढूळपणा मोजणारं यंत्र त्या रंगालाच वाढ समजतं. म्हणून प्रत्येक तीव्रतेला जिवाणू न घातलेली एक खाच हवी. जिवंत जिवाणू दाखवायला एमटीटीसारखा टेट्राझोलियम रंग वापरत असाल तर जास्तच जपा, वनस्पतीतली पॉलिफेनॉल संयुगं जिवाणूंशिवायही त्याचा रंग पालटवतात.

बायोफिल्मची (पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंच्या थराची) प्लेट लावण्याआधी प्रश्न ठरवून घ्या: थर जमू द्यायचा नाही, की जमलेला मोडायचा? जमू न देण्याचा दावा असेल तर एमआयसीच्या (वाढ रोखणाऱ्या सर्वांत कमी तीव्रतेच्या) खालच्या तीव्रता घ्या. जिवाणूच वाढले नाहीत तर थर कुठून येणार? थर मोजायला वापरलेलं क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही रंगवतं, म्हणून त्यातल्या जिवंत किती हे कळायला थर खरवडून वसाहती मोजण्याचं साहित्यही मांडून ठेवा. धुताना सगळ्या खाचांना सारखाच हलका हात लावा. कडेच्या खाचा लवकर सुकतात, त्यांत निर्जंतुक पाणी भरून मोकळ्या सोडा.